एकाहत्तर किलो दोनशे

गाडीचं वजन सहाशे नव्वद किलो आहे असं कंपनीच्या जुन्या पुस्तकात छापलेलं होतं, आणि छापलेलं होतं म्हणूनच काटेसाहेबांचा त्यावर विश्वास नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. आडनाव काटे नव्हतं; पण ते दुकानाच्या पायरीवर दिसले की आतून "काटेसाहेब आले" अशी कुजबुज व्हायची आणि गल्ल्याजवळचा काटा क्षणात प्रामाणिक होऊन जायचा. लग्नाचंही त्यांचं तसंच झालं. स्थळं पुष्कळ आली, प्रत्येकात काही ना काही कमी भरलं. पलीकडच्यांनीही त्यांना तोलून पाहिलंच असणार. एकूण लग्न राहून गेलं.

गाडी त्यांच्या दादांची. इंग्लंडात बनलेली, हिरवी, बिनछपराची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. दादांनी ती घेतली तेव्हा घरात फ्रीज नव्हता. वहिनींनी फ्रीजचं काय म्हणून विचारलं, तर दादा म्हणाले, "फ्रीजमध्ये बसून फिरता येतं का?" या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून वहिनी आणखी चार वर्षं दूध दोन वेळा तापवत राहिल्या.

एकतीस वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी, याच गाडीत दादा गेले. गाडी कुठं धडकली नव्हती, रस्त्यावरही नव्हती. घराखालच्या गॅरेजमध्ये उभी होती आणि दादा तिच्यात बसले होते, डावीकडच्या सीटवर, हातात किल्ल्यांचा जुडगा. स्टिअरिंग उजवीकडे. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय म्हणाले, बेचाळीस. तास म्हणाले, दोन तरी होऊन गेले असतील. कुणी जवळ असतं तर कदाचित.

वहिनींना डॉक्टरांचं सगळं पटलं. पटली नाही ती एकच गोष्ट: स्वतःच्या गाडीत माणूस दुसऱ्याच्या जागेवर कशाला बसेल? चालवणारं कुणीतरी यायचं असल्याशिवाय? आणि दादांच्या ओळखीत गाडी चालवणारी एक बाई होती म्हणे. "म्हणे" हा शब्द शेजारच्यांनी पुरवला. पुढचं सगळं वहिनींनी घरच्या घरी तयार केलं.

खरी गोष्ट काटेसाहेबांना ठाऊक होती, आणि त्यांना एकट्यालाच. त्या सकाळी दादांनी त्यांना हाताला धरून गॅरेजमध्ये आणलं होतं. "बारक्या, तीस वर्षांचा घोडा झालास. आज तू चालवायचं. मी डावीकडे बसतो, तू बस इकडं. आधी हँडब्रेक सोड, मग घाम पूस." काटेसाहेबांना गाडीची भीती वाटायची, दादांसमोर फजितीची त्याहून जास्त. "चष्मा विसरलो, आलोच," असं म्हणून ते बाहेर पडले. चष्मा नाकावर होता. मागच्या दारानं ते थेट मित्राकडे गेले आणि कॅरमचे चार डाव खेळले. परत आले तेव्हा गॅरेजसमोर माणसं उभी होती.

वहिनींना हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मग महिनाभरात. मग वर्षभरात. लोकांच्या काट्यातला पाच ग्रॅमचा खोटेपणा पकडणाऱ्या माणसाकडून तेवढं मात्र राहून गेलं.

आता वहिनी सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि महिनाअखेरीला कायमच्या मुलीकडे राहायला जाणार होत्या. निघायच्या आधी त्यांना एकच हवं होतं. "ती गाडी चालती करा, भावोजी. मला एकदा त्या डावीकडच्या सीटवर बसून फिरायचंय. बघू तरी तिथून काय दिसतं ते."

असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? काटेसाहेबांनी एकतीस वर्षांनी गाडीवरचं कापड ओढलं. कापड आलं, सोबत पुढच्या मडगार्डचा तुकडाही आला.

डेंटर बोलावला. पत्र्याचं काम करणारा, गोल पोटाचा, बडबड्या माणूस. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दाराखालच्या पट्टीत बोट घातलं आणि बोट पलीकडून बाहेर काढून दाखवलं.

"साहेब, ही गाडी नाही, चाळण आहे. गंज काढला तर खाली काय उरेल याची ग्यारंटी नाही."

"काढलेला गंज टाकू नका," साहेब म्हणाले. "वजन करायचंय."

डेंटरनं त्यांच्याकडे बघितलं, पण तो धंद्यातला मुरलेला माणूस होता. जुन्या गाडीच्या मालकाला शहाणा धरून चालत नाही, हे त्याला माहीत होतं.

साहेबांनी जुन्या खात्यातून चार चपटे काटे मागून आणले. ते चार चाकांखाली ठेवायचे, आणि वायरीनं जोडलेल्या डब्यावर चौघांची बेरीज दिसायची, शंभर ग्रॅमपर्यंत अचूक. रोज संध्याकाळी काम थांबलं की वजन व्हायचं. गंज आणि कुजका पत्रा मिळून एकोणचाळीस किलो निघाला. साहेबांनी तो पोत्यात भरून, शिवून, वर चिठ्ठी लावून ठेवला. "विसर्जन करणार की काय?" डेंटरनं विचारलं.

पट्ट्या बदलायचा दिवस आला तेव्हा डेंटर पहिल्यांदा गंभीर झाला. "हे बघा साहेब. छपराच्या गाडीला छपराचा आधार असतो. ह्या उघड्या गाडीचा सगळा जीव दाराखालच्या पट्ट्यांत. पट्ट्या कापल्या की गाडी मधून झोळीसारखी लवते. म्हणून सीटवर माणसं बसल्यासारखं वजन ठेवायचं, दारं लावून बघायची, फटी सारख्या झाल्या की मगच वेल्डिंग. एकदा टाका बसला की गाडीनं ते वजन लक्षात ठेवलं म्हणून समजा. वाळूच्या गोण्या आणतो दोन."

"वाळू?" साहेब दुखावले. त्यांच्या खोलीत छाप मारलेली खरी लोखंडी वजनं होती. ती त्यांनी स्वतः एकेक करून खाली आणली. उजवीकडे स्वतःचं वजन ठेवलं, चौसष्ट किलो. मग डावीकडे वळले: वीसची तीन, दहाचं एक, एकाचं एक, आणि दोनशे ग्रॅमचं छोटं पितळी वजन सगळ्यांच्या वर.

डेंटर हसला. "डावीकडे वहिनी बसणार ना? त्या तर चिमणीएवढ्या. आणि हे दोनशे ग्रॅम कशाचे? रुमालाचे?"

"किल्ल्यांचे," साहेब म्हणाले, आणि दुसऱ्या चाकाची हवा बघायला गेले.

वेल्डिंग झालं. रंग झाला. इंजिनवाला येऊन इंजिन फिरवून गेला. शिवणारा नव्या सीट बसवून गेला. गाडी अशी दिसू लागली की रस्त्यानं जाणारी माणसं गॅरेजशी थांबून, आपल्याला गाड्यांतलं कळतं असं तोंड करून पुढे जाऊ लागली. फक्त डावं दार लागेना. ओढलं तरी बोटभर फट राहायची.

निघायच्या पाच दिवस आधी वहिनी बघायला खाली आल्या. पदर सावरून डाव्या सीटवर बसल्या. डेंटरनं दार लोटलं. दार आलं, टेकलं, आणि पुन्हा बोटभर उघडं झालं.

"मला घेत नाही ती," वहिनी म्हणाल्या. "माझी जागा नव्हतीच ना ही."

"तसं नाही हो वहिनी, वजन कमी पडतंय." डेंटरनं त्यांच्या पायाशी वीसचं वजन ठेवलं, पाचाचं ठेवलं. फट केसाएवढी राहिली. मग त्यानं गंमत म्हणून दोनशे ग्रॅमचं ठेवलं. खट्. दार लागलं.

"तुमचे सेहेचाळीस, वर हे," डेंटर बोटं मोजत म्हणाला. "एकाहत्तर किलो दोनशे ग्रॅम."

वहिनींनी समोरच्या काचेतून भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चांगलीच धष्टपुष्ट होती म्हणायची."

साहेबांच्या कानशिलांवर घाम फुटला. वजन ठेवताना त्यांनी विचार केलाच नव्हता. हातानं आपल्या सवयीनं ठेवलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते दर रविवारी सकाळी घरच्या काट्यावर दादांना उभं करायचे. काटा बरोबर आहे की नाही हे बघायला त्यांच्याकडे दादांइतकं भरवशाचं वजन दुसरं नव्हतं. दादा खिशातल्या किल्ल्यांसकट उभे राहायचे आणि म्हणायचे, "लिही. वजन किल्ल्यांसकट. माझं माझ्या किल्ल्यांशिवाय वजन नाही." शेवटच्या रविवारची नोंद अजून वहीत होती.

त्या वेळी तोंड उघडायला जागा होती. साहेबांनी घसा साफ केला. "वहिनी—"

"काय?"

"चहा घेता?"

डेंटरनं बिजागरीखाली चकत्या घालून दार सारखं केलं. ते सेहेचाळीस किलोला लागू लागलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पुन्हा एकाहत्तर दोनशेला. त्यानं पुन्हा चकत्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "लोखंड हट्टी आहे," तो म्हणाला, पण चकत्या खिशात घालताना त्यानं त्या दोनदा मोजल्या. "आता राहू दे. वहिनींच्या पायाशी वजनं ठेवून मी फिरवून आणतो त्यांना. परवा अकराला येतो."

त्या परवाच्या सकाळी, वहिनी निघायच्या आदल्या दिवशी, साहेब गॅरेजमध्ये आले तर डावं दार लागलेलं होतं.

डेंटर येऊन गेला असेल, असं वाटून त्यांनी फोन केला. "मी? मी बहिणीकडे आहे कालपासून. अकराला येतो म्हटलं होतं ना. का हो?"

"काही नाही."

साहेबांनी दार उघडलं, सीटवरून हात फिरवला. नव्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. ते मधोमध दबलेलं होतं, आणि हात फिरवता फिरवता हळूहळू वर आलं. त्यांनी दार उघडंच ठेवलं आणि वर जाऊन चहा केला. चहात साखर टाकली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकली. खाली आले. दार लागलेलं होतं.

मग त्यांनी तेच केलं, जे चौतीस वर्षं त्यांनी संशय आलेल्या प्रत्येक दुकानात केलं होतं. डब्याकडे बघितलं. चाकांखाली काटे होतेच. काल संध्याकाळी शेवटचं वजन घेऊन त्यांनी ते तसेच ठेवले होते. कालचं, रिकाम्या गाडीचं: सहाशे अठ्ठ्याऐंशी किलो चारशे. आत्ता डब्यावर होतं: सातशे एकोणसाठ किलो सहाशे.

वजाबाकीसाठी त्यांना कागद लागला नाही.

त्यांनी दार उघडलं. आकडे खाली धावले आणि सहाशे अठ्ठ्याऐंशी चारशेवर थांबले. ते एक पाऊल मागे झाले. गॅरेजमध्ये वारा नव्हता. दार आलं, शांतपणे, आतून कुणी पट्टा धरून ओढावं तसं. खट्. गाडी डाव्या अंगाला तीळभर बसली. सातशे एकोणसाठ सहाशे.

आयुष्यात पहिल्यांदा काटेसाहेबांना वाटलं, काट्यात खोट निघावी. त्यांनी वायरी काढून परत लावल्या. चारही काट्यांवर वीसचं वजन टाकून बघितलं, तेही नेमकं भरलं. चौतीस वर्षांत त्यांना शंभर टक्के खरा काटा एकही सापडला नव्हता, आणि आज एकदम चार सापडले.

तेवढ्यात आवाज आला. टक टक टक. थोडं थांबून पुन्हा, टक टक टक. डॅशबोर्डच्या पत्र्यावर किल्ल्या आपटल्याचा. वाट बघायची वेळ आली की दादांचा हात असाच चालायचा.

"टॅपेट वाजतायत," दारातून डेंटर म्हणाला. तो अकराला येतो म्हणून अकराला आला होता. असं त्याच्या हातून यापूर्वी कधी झालं नव्हतं.

"इंजिन बंद आहे," साहेब म्हणाले.

डेंटरनं गाडीकडे बघितलं. लागलेल्या दाराकडे, दबलेल्या प्लॅस्टिककडे, डब्याकडे. बडबड्या माणूस गप्प झाला की खोली मोठी वाटते. "साहेब," तो शेवटी म्हणाला, "बहिणीकडे काम राहिलंय थोडं." आणि तो गेला. हत्यारांची पेटी तशीच ठेवून गेला.

वहिनी जिन्यावरून खाली येत होत्या. चांगलं पातळ, पायात चपला, हातात छोटी पर्स. "डेंटर का पळाला? मला फिरवणार होता ना?"

"त्याला काम निघालं."

"दार लागलं की हो शेवटी." त्या जवळ आल्या. मग थबकल्या. टक टक टक. वहिनींनी डोक्याला लावलेला चष्मा खाली ओढला आणि डब्यावर वाकल्या. "काल किती होतं, भावोजी?"

साहेबांनी सांगितलं. वहिनींना वजाबाकीला थोडा वेळ लागला. ओठ हलत होते.

"एकाहत्तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांचं वजन. सत्तरच्या पुढं गेलात म्हणून भात कमी केला होता मी त्यांचा." त्यांनी दाराच्या काठावर हात ठेवला, उघडलं नाही. "म्हणजे हे इथंच बसलेत. अजून. आणि ती? ती आलीच नाही?"

काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जवळपास कुठं कॅरम नव्हता.

"ती नव्हतीच, वहिनी."

"म्हणजे?"

"मी होतो. दादा मला शिकवणार होते गाडी. तू चालव म्हणाले, मी डावीकडे बसतो. मी चष्मा आणतो म्हणून गेलो, आणि आलो नाही. घाबरलो. तीन तास आलो नाही." एवढं बोलून झालं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे बोलायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

वरच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं, बादली भरून वाहायला लागली, तरी वहिनी हलल्या नाहीत.

"एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं रोज सकाळी उठून मी त्या बाईला शिव्या घातल्यात. नाव ठेवलं होतं मी तिला. केस कसे, साडी कशी, सगळं ठरलं होतं. ह्यांच्या फोटोशी धड बोलले नाही कधी. आणि तुम्ही माझ्या हातचं जेवत समोर बसत होता."

"वहिनी, मी—"

"मीठ कमी आहे म्हणायचात वर."

टक टक टक.

वहिनी गाडीकडे वळल्या. सीटच्या मोकळ्या जागेकडे बघताना त्यांचा चेहरा असा झाला की साहेबांनी नजर काढून घेतली. तिथं त्यांचं काम नव्हतं. मग अगदी घरगुती आवाजात, कुणाच्या खांद्यावरचा दोरा काढावा तसा हवेत हात फिरवून म्हणाल्या, "चिडले होते हो तुमच्यावर. उगीच."

गाडी तीळभर हलली. डब्यावरचा आकडा मात्र कमी झाला नाही. साहेबांची आशा त्यावरच होती: खरं सांगितलं, आता वजन उतरेल. सगळीकडे तसंच असतं असं त्यांनी ऐकलं होतं. सातशे एकोणसाठ सहाशे.

"जात नाहीत ते," साहेब कुजबुजले.

"कसे जातील? तुम्ही आलोच म्हणाला होतात." वहिनींनी पुढे होऊन गॅरेजचं शटर पूर्ण वर ढकललं. सकाळचं लख्ख ऊन गाडीच्या नाकापर्यंत आत आलं. "चष्मा आणायला गेला होतात ना? सापडलेला दिसतोय. बसा."

"मला येत नाही, वहिनी. मी त्यानंतर कधी शिकलोच नाही."

"म्हणून तर ते बसलेत."

"तुम्हाला फिरायचं होतं ना—"

"मला तिथून काय दिसतं ते बघायचं होतं. दिसलं." त्यांनी उजवं दार उघडून धरलं, घरी आलेल्या पाहुण्याला पाट दाखवावा तसं. "दोनच जागा आहेत, भावोजी. त्यातली एक तुमची."

काटेसाहेब बसले. सवयीनं त्यांची नजर डब्यावर गेली: आठशे तेवीस किलो सहाशे. गाडीनं त्यांना स्वीकारलं होतं, ग्रॅमही इकडचा तिकडे नव्हता. उजवं दार वहिनींनी लोटलं की आपणहून लागलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. चौसष्ट किलोला ते अगदी नेमकं बसलं. त्यांनी आतली कडी दाबून बघितली. कडी दबली, दार हललं नाही.

"वहिनी, हे उघडत नाहीये."

वहिनींनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

किल्लीला त्यांनी हात लावला असेल नसेल, इंजिन सुरू झालं. एकतीस वर्षं पडून असलेल्या गाडीसारखं नाही, कालच बंद केल्यासारखं. डावीकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि समोर बघत घाम पुसला. मग चूक लक्षात आली. आधी हँडब्रेक. त्यांचा हात तिथं पोचायच्या आत हँडब्रेक आपणहून खाली गेला.

डावा हात त्यांनी गिअरवर ठेवला, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्या हातावर हात आला. तो गार नव्हता, हेच वाईट होतं. उबदार होता, थोडा अधीर, लहानपणी शाळेच्या रस्त्यावर धरायचा तसा. साहेबांच्या आतला निरीक्षक तेव्हाही थांबला नाही. त्यानं अंदाज केला: चारशे ग्रॅम. किल्ल्या धरून सहाशे.

पहिला गिअर पडला. चाकं काट्यांवरून एकेक करून खाली उतरली. आरशात वहिनी दिसल्या, शटरखाली कमरेवर हात ठेवून उभ्या, सगळं नीट चाललंय ना हे बघत. मग गाडी उन्हात आली, घर वळणाआड गेलं, आणि परत यायचं कधी, हे विचारायचं काटेसाहेबांचं राहून गेलं.